उमेदवाराआधीचे कार्यकर्ते : अमेरिकी सेनेटच्या लढतींतील एका प्रथेचा इतिहास

अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह म्हणजे सेनेट, आणि तेथे प्रत्येक राज्याला, मग ते कॅलिफोर्नियाएवढे अवाढव्य असो की डेलावेअरएवढे चिमुकले, दोनच जागा असतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांची निवडणूक आणि कितीही वेळा पुन्हा उभे राहण्याची मुभा, अशी ही रचना असल्यामुळे एकदा निवडून आलेला सेनेटर सहसा हलत नाही; पैसा, नावाची ओळख, केलेल्या कामांची यादी आणि पक्षयंत्रणेवरील पकड या सगळ्याच गोष्टी त्याच्या बाजूने असतात. परिणामी विद्यमान सदस्यावर रुष्ट झालेल्या मतदारांना मते जमवण्याच्या आधी माणूस शोधावा लागतो, आणि ज्याच्याकडून विजयाची थोडीफार आशा करता येईल असा माणूस आपली कारकीर्द पणाला लावण्यापूर्वी दहादा विचार करून बहुधा नकारच कळवतो. या अडचणीवर अमेरिकी राजकारणाने एक उपाय रूढ केला आहे : ज्याने उमेदवारी जाहीर केलेली नाही, किंबहुना जो अजून नाहीच म्हणत आहे, त्याच्या नावाने सामान्य समर्थकांनी सह्या गोळा करायच्या, वर्गणीची वचने घ्यायची, राबण्यास तयार असलेल्या कार्यकर्त्यांची यादी करायची आणि हा सारा ऐवज त्याच्यापुढे ठेवून त्याला उभे राहण्याची गळ घालायची. तेथील राजकीय परिभाषेत या प्रकाराला ‘ड्राफ्ट’ मोहीम म्हणतात.

महाराष्ट्रात तिकिटांपेक्षा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांचीच संख्या नेहमी मोठी असते, आणि ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर’ रिंगणात उतरल्याचे सांगणाऱ्या पुढाऱ्याच्या बाबतीत तो आग्रह कोणी घडवून आणला, हेही वर्तमानपत्र वाचणाऱ्याला न सांगता कळते. अमेरिकेतही हा संशय रास्त ठरवणारी उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र या प्रथेचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहता असे दिसते की, आग्रह उत्स्फूर्त होता की घडवलेला, यापेक्षा तो नोंदवायचा कोठे आणि कोणत्या कागदावर, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरत आला. कायद्याने लोकांच्या हाती जो कागद दिला, त्याच्या आकाराचे त्यांचे समर्थन झाले.

मूळ राज्यघटनेने तर असा कोणताच कागद दिला नव्हता. सेनेटर निवडण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे होता, म्हणजे आज महाराष्ट्रातील आमदार राज्यसभेचे सदस्य निवडतात त्याच धर्तीची ती अप्रत्यक्ष निवडणूक होती, आणि सामान्य मतदाराने एखाद्या इच्छुकाला पाठिंबा द्यायचा म्हटले तरी तो मोजण्याची सोय नव्हती. या चौकटीतच १८५८ साली इलिनॉय राज्यात एक लक्षणीय प्रयोग झाला. तेथील विद्यमान सेनेटर स्टीफन डग्लस हे डेमोक्रॅटिक पक्षाचे मातब्बर पुढारी होते. पण कॅन्सस प्रदेशावर गुलामगिरीला अनुकूल राज्यघटना लादण्याच्या प्रश्नावर त्यांचे स्वपक्षीय राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याशी बिनसले, आणि त्यामुळे ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांच्यासह पूर्वेकडील काही रिपब्लिकन धुरीणांना असे वाटू लागले की, इलिनॉयच्या रिपब्लिकनांनी डग्लस यांच्याविरुद्ध कोणाला उभेच करू नये. इलिनॉयमधील कार्यकर्त्यांना हा सल्ला झोंबला. वर्षानुवर्षे ज्याच्याशी दोन हात केले त्यालाच पाठिंबा देण्याचा सल्ला दूर न्यूयॉर्कमध्ये बसून देणाऱ्यांना त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या पक्षसभांत ठराव करून उत्तर दिले, आणि त्या ठरावांचा एकमुखी आशय असा होता की, सेनेटसाठी आपली पसंती अब्राहम लिंकन या वकिलालाच आहे. १६ जून १८५८ रोजी स्प्रिंगफील्ड येथील राज्य अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. विधिमंडळाची निवडणूक होण्याआधीच राज्य अधिवेशनाने सेनेटचा उमेदवार जाहीर करणे ही त्या काळात रूढीबाहेरची गोष्ट होती.

त्यानंतर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सात गावांत झालेले लिंकन-डग्लस वादविवाद सर्वश्रुत आहेत, पण त्यांतील एक विसंगती बऱ्याचदा नजरेआड होते : ओटावापासून ऑल्टनपर्यंत तासन् तास उभे राहून भाषणे ऐकणाऱ्या एकाही श्रोत्याला त्या दोघांपैकी कोणालाही मत देता येणार नव्हते. त्याला मत द्यायचे होते ते आपल्या भागातील आमदाराला. रिपब्लिकन उमेदवारांना एकंदर मते किंचित अधिक मिळाली; तरीही मतदारसंघांची जुनी आखणी आणि राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातील मुदत शिल्लक असलेले सदस्य डेमोक्रॅटांच्या पथ्यावर पडले आणि जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांनाच पुन्हा निवडले. जिल्हासभांच्या ठरावांनी पक्षाला उमेदवार मिळवून दिला खरा, पण निवडीच्या खोलीत त्या ठरावांना प्रवेश नव्हता.

त्या खोलीत काय चालत असे, याची चर्चा पुढल्या चार दशकांत देशभर होऊ लागली. घोडेबाजार हा शब्द ज्या अर्थाने मराठी वृत्तपत्रांत वापरला जातो, त्या अर्थाचा व्यवहार तेथे राजरोस चाले. मोंटाना राज्यातील तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांची १८९९ ची निवड आमदारांना लाच दिल्याच्या आरोपांवरून इतकी गाजली की, सेनेटच्या समितीने ती अवैध ठरवण्याची शिफारस केल्यावर त्यांनी राजीनामा दिला; पण पुढच्याच वर्षी ते रीतसर निवडून येऊन सेनेटमध्ये बसलेही. डेलावेअरमध्ये गॅसच्या धंद्यात गब्बर झालेल्या एडवर्ड ॲडिक्स यांच्या महत्त्वाकांक्षेने विधिमंडळात अशी कोंडी झाली की, १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. १९०६ साली डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांनी ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात सेनेटच्या या धनिकशरणतेवर लेखमाला लिहिली आणि सुधारणेच्या मागणीला धार आली.

सुधारणेचा व्यावहारिक मार्ग मात्र वॉशिंग्टनमधून न निघता पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यातून निघाला. तेथील विल्यम युरेन या सुधारकाच्या पुढाकाराने १९०४ साली जनतेच्या प्रस्तावाद्वारे ‘प्रायमरी’चा कायदा झाला. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांनी बंद दाराआड न ठरवता मतदारांनी मतपेटीतून ठरवण्याची प्राथमिक निवडणूक. त्याला जोडून आमदारकीच्या इच्छुकांकडून असे लेखी वचन घेतले जाऊ लागले की, सेनेटसाठी लोकांनी ज्याला कौल दिला असेल त्यालाच आपण विधिमंडळात मत देऊ. या वचनाची कसोटी लवकरच लागली, कारण लोकांचा कौल जॉर्ज चेंबरलेन या डेमोक्रॅटला मिळाला आणि विधिमंडळात बहुमत होते रिपब्लिकनांचे; तरीही १९०९ साली त्या रिपब्लिकन बहुमतानेच चेंबरलेन यांना सेनेटवर पाठवले. आमदार लेखी वचनाला जागल्याचे हे दृश्य पाहिल्यावर घटनादुरुस्तीच्या विरोधकांकडे फारसे बोलण्यासारखे उरले नाही. १९१२ साली काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाने, संमत केलेली सतरावी घटनादुरुस्ती ८ एप्रिल १९१३ रोजी आवश्यक त्या राज्यांच्या मंजुरीनिशी पूर्ण झाली आणि सेनेटर थेट मतदारांकडून निवडले जाऊ लागले.

थेट निवडणूक आणि प्रायमरी या दोन गोष्टी एकत्र आल्यावर ड्राफ्ट मोहिमेला खरा अवकाश मिळाला, कारण आता पक्षश्रेष्ठींच्या मनात नसलेल्या माणसालाही ठरावीक संख्येने सह्या जमवल्या की मतपत्रिकेवर येता येत होते. ज्या राज्यांत हा मार्ग बंद होता किंवा बंद केला गेला, तेथे मतदारांनी आणखी एक कागद वापरला, आणि तो म्हणजे खुद्द मतपत्रिका. बहुतेक अमेरिकी राज्यांत छापील नावांखाली एक कोरी ओळ असते. छापलेल्यांपैकी कोणीच पसंत नसेल तर मतदाराने त्या ओळीवर आपल्या पसंतीचे नाव स्वतः लिहायचे, अशी ही सोय आहे. तिचा वापर एरवी गंमतीखातर किंवा निषेधापुरताच होतो. दक्षिण कॅरोलिना राज्यात १९५४ साली मात्र त्या कोऱ्या ओळीवरून एक सेनेटर निवडून आला.

प्रसंग असा घडला की, प्रायमरीत बिनविरोध ठरलेले विद्यमान सेनेटर बर्नेट मेबँक यांचे १ सप्टेंबर रोजी आकस्मिक निधन झाले. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की निवडणूक जिंकल्यातच जमा असे, त्यामुळे पोकळी भरायची कशी हाच प्रश्न होता. आणि पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने नव्याने प्रायमरी घेण्याऐवजी अंत्यविधीनंतर लगोलग बैठक घेऊन राज्याच्या राजकारणातील मुरब्बी आमदार एडगर ब्राऊन यांचे नाव परस्पर जाहीर केले. माजी गव्हर्नर स्ट्रॉम थरमंड यांनी या निर्णयाने पसरलेल्या नाराजीचा फायदा घेत कोऱ्या ओळीवरची उमेदवारी पुकारली, निवडून आल्यास १९५६ मध्ये राजीनामा देऊन रीतसर प्रायमरीला सामोरे जाण्याचे वचन दिले, आणि विद्यमान गव्हर्नर जेम्स बर्न्स यांच्यासह राज्यातील बहुतेक दैनिके त्यांच्या बाजूने उभी राहिली. दोन महिन्यांत लाखो मतदारांना नाव लिहायला शिकवायचे हे काम मुळातच गावपातळीवरचे होते. प्रचाराचा विषय धोरणांपेक्षा पद्धतीचा होता : मतदारांचा हक्क मूठभर समितीने हिरावून घ्यावा काय? थरमंड यांना १,४३,४४४ तर छापील नाव असलेल्या ब्राऊन यांना ८३,५२५ मते पडली, आणि वचनाप्रमाणे थरमंड यांनी १९५६ मध्ये राजीनामाही दिला.

लोकशाहीचा विजय म्हणून या निवडणुकीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. ज्या ‘लोकां’चा हक्क समितीने हिरावला म्हणून राज्य पेटून उठले, त्या लोकांत तेथील कृष्णवर्णीय नागरिकांचा मोठा भाग धरलेलाच नव्हता; नाना क्लृप्त्यांनी त्यांना मतदार यादीबाहेर ठेवले गेले होते आणि थरमंड हे १९४८ साली वर्णभेदाच्या समर्थकांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार राहिलेले गृहस्थ होते. पुढे १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध ते सेनेटमध्ये सलग चोवीस तासांहून अधिक काळ बोलत उभे राहिले. तळागाळातून आलेला पाठिंबा म्हणताना तळ कोठे धरला आहे, हे पाहिल्याखेरीज त्या शब्दाला अर्थ येत नाही, हे या उदाहरणाइतके उघडपणे दुसऱ्या कोणत्याही लढतीत दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडणुकीचा खर्च दूरचित्रवाणीमुळे वाढत गेला आणि सह्यांइतकाच पैशाचाही हिशेब पाठिंब्याचे माप ठरू लागला. १९७४ च्या कायद्याने केंद्रीय निवडणूक आयोग स्थापन झाला व देणग्यांवर मर्यादा आल्या. परंतु या मर्यादा उमेदवाराच्या समितीला लागू असल्याने, ज्याने उमेदवारीच जाहीर केलेली नाही त्याच्या नावाने जमणाऱ्या पैशाचे काय, हा पेच उभा राहिला. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्ध सेनेटर एडवर्ड केनेडी यांनी उतरावे म्हणून निघालेल्या समित्यांना यंत्रकामगार संघटनेच्या राजकीय समितीने पैसे दिले तेव्हा तो न्यायालयात गेला, आणि कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने १९८१ मध्ये असा निर्वाळा दिला की, जो अद्याप उमेदवार नाही त्याच्यासाठी झटणारे गट त्या कायद्याच्या अर्थाने राजकीय समित्या ठरत नाहीत. आयोगाच्या नियमांनीही या प्रथेची दखल घेतली आहे. उमेदवाराच्या संमतीवाचून चालणाऱ्या समितीला एरवी आपल्या नावात त्याचे नाव घालता येत नाही, पण ती ड्राफ्ट समिती असल्याचे नावातूनच स्पष्ट होत असेल तर चालते. मनधरणीलाही नोंदणीचा रकाना मिळाला तो असा.

याच काळात मिनेसोटा राज्यात असा एक सामना झाला की, पुढल्या सर्व समर्थक मोहिमांनी त्याचा दाखला द्यावा. कार्लटन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे पॉल वेलस्टोन यांना १९९० मध्ये कोणी आग्रह करून उभे केले होते असे नव्हे. ते स्वतःच उभे राहिले. परंतु मिनेसोटात पक्षाचा कौल आधी ‘कॉकस’मध्ये, म्हणजे शाळेच्या वर्गात वा सभागृहात जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बैठकीत ठरतो आणि तेथून निवडलेले प्रतिनिधी पुढील अधिवेशनांत जातात, या पायरीपायरीच्या व्यवस्थेत शेतकरी संघटना, कामगार आणि विद्यार्थी यांच्याशी असलेल्या जुन्या संबंधांच्या बळावर वेलस्टोन वर चढले. विद्यमान सेनेटर रूडी बॉशविट्झ यांनी त्यांच्या जवळजवळ सातपट खर्च केला. वेलस्टोन यांच्याकडे होती एक जुनी, हिरवा रंग दिलेली शाळेची बस, जी वाटेत वारंवार बंद पडे. त्या वर्षी देशभरात पराभूत झालेले एकमेव विद्यमान सेनेटर बॉशविट्झ ठरले.

या साऱ्या धाग्यांची गुंफण व्हर्जिनिया राज्यातील २००६ च्या निवडणुकीत इतक्या स्पष्टपणे दिसते की, ड्राफ्ट मोहिमेचा अभ्यास करणाऱ्याने तेथे थोडे थांबायलाच हवे. सेनेटर जॉर्ज ॲलन हे माजी गव्हर्नर, नामवंत फुटबॉल प्रशिक्षकाचे पुत्र आणि २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतील संभाव्य नाव. ही जागा सुरक्षित आहे असे दोन्ही पक्षांचे जाणते धरून चालले होते. डेमोक्रॅटांपैकी एकट्या मार्क वॉर्नर या लोकप्रिय गव्हर्नरांकडून आशा होती आणि त्यांनी नकार दिला होता. अशा वेळी डिसेंबर २००५ मध्ये राज्यातील काही हौशी डेमोक्रॅट कार्यकर्त्यांनी जेम्स वेब यांच्या नावाने इंटरनेटवर मनधरणीची मोहीम उघडली. वेब हे व्हिएतनाम युद्धात ‘नेव्ही क्रॉस’ हे मोठे शौर्यपदक मिळवलेले मरीन अधिकारी, कादंबरीकार आणि विशेष म्हणजे रेगन यांच्या कारकिर्दीतील नौदलमंत्री. २००० साली त्यांनी ज्यांना जाहीर पाठिंबा दिला होता ते उमेदवार हेच ॲलन. आणि ज्यांच्या विरोधात दिला होता ते डेमोक्रॅट चक रॉब २००६ मध्ये वेब यांच्या पाठीशी उभे राहिले. पक्षांतराला सरावलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण सत्तेत असलेला पक्ष सोडून दुबळ्या बाजूकडे येणारे विरळाच. इराक युद्धाला वेब यांनी ते सुरू होण्यापूर्वीच लेखातून विरोध केला होता, आणि तो विरोध रणांगण पाहिलेल्या माणसाचा असल्यामुळे दक्षिणेकडील राज्यात त्याला देशद्रोहाचा शिक्का मारता येण्यासारखा नव्हता. कार्यकर्त्यांनी वेब यांनाच का निवडले, याचे उत्तर प्रेमापेक्षा या हिशेबात अधिक आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये वेब यांनी होकार दिला तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता, कार्यालय नव्हते आणि पैसा मागण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. कायद्याची मागणी मात्र ठाम होती : राज्यव्यापी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येण्यासाठी नोंदणीकृत मतदारांच्या किमान १०,००० सह्या, आणि त्यांतही राज्याच्या ११ काँग्रेस मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. ही दुसरी अट वरवर किरकोळ दिसते, पण खरा घाम तीच काढते. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या दाट वस्तीच्या उपनगरांत बाजारपेठेबाहेर किंवा मेट्रो स्थानकापाशी उभे राहिले तर हजारो सह्या जमतात, तर कोळसाखाणींच्या नैऋत्य डोंगराळ भागात त्याच पक्षाचे चारशे मतदार गाठायला गावोगाव फिरावे लागते. सही करणारा त्याच मतदारसंघातील नोंदणीकृत मतदार हवा, पत्ता नीट लिहिलेला हवा, आणि अर्ज फिरवणाऱ्याने सह्या आपल्यासमक्ष झाल्याचे नोटरीपुढे शपथेवर सांगायला हवे; अपात्र सह्या गळणार हे धरून गरजेपेक्षा बऱ्याच जास्त जमवाव्या लागतात. पगारी माणसे लावून हे काम करून घेण्याचा धंदाही अमेरिकेत आहे. वेब यांच्याकडे ती सोय नसल्याने मनधरणीच्या यादीतली नावेच हिवाळ्याच्या अखेरीस फळ्या आणि पेने घेऊन रस्त्यावर उतरली, आणि उमेदवारापूर्वी जमलेला पाठिंबा काय कामाचा असतो याचे यापेक्षा नेमके उत्तर देता येणार नाही.

१३ जूनच्या प्रायमरीतील त्यांचे प्रतिस्पर्धी हॅरिस मिलर हे पक्षाचे जुने, निष्ठावंत कार्यकर्ते होते आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख म्हणून त्यांनी परदेशी तंत्रज्ञांना दिल्या जाणाऱ्या ‘एच-वन-बी’ व्हिसांची संख्या वाढवण्याचा पुरस्कार केला होता. पुण्या-मुंबईहून ज्या व्हिसावर हजारो अभियंते अमेरिकेत गेले तोच हा व्हिसा, आणि नोकऱ्या परदेशी पाठवणारा माणूस अशी मिलर यांची संभावना वेब यांच्या प्रचारात झाली. एका पत्रकात मिलर यांचे असे व्यंगचित्र होते की, त्यावर ज्यूविरोधी पूर्वग्रहाचा आरोप झाला. लोकचळवळीचा सोज्वळपणा गृहीत धरणाऱ्यांनी हे पत्रक अवश्य ध्यानात ठेवावे. दुसरीकडे, मोहिमेच्या उत्स्फूर्ततेची कथा सांगताना हेही नमूद करायला हवे की, प्रायमरीपूर्वीच पक्षाच्या सेनेट प्रचार समितीने आपले वजन वेब यांच्या पारड्यात टाकले होते. जिंकू शकणारा माणूस कार्यकर्त्यांनी शोधून दिल्यावर वॉशिंग्टनने तो उचलून धरला. जेमतेम १ लाख ५६ हजार मतदारांनी भाग घेतलेल्या त्या प्रायमरीत वेब यांना सुमारे ५३ टक्के मते मिळाली. इतक्या थोड्या मतदानात काही शे जागरूक कार्यकर्त्यांचे वजन किती वाढते, हे वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबरची लढत मात्र कार्यकर्त्यांच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीने फिरवली. ११ ऑगस्ट रोजी केंटकीच्या सीमेलगत ब्रेक्स येथील सभेत ॲलन यांनी वेब यांच्या वतीने चित्रीकरण करणाऱ्या तरुणाकडे बोट दाखवून त्याला दोनदा ‘मकाका’ म्हटले आणि अमेरिकेत त्याचे स्वागत केले. तो वीस वर्षांचा विद्यार्थी भारतीय वंशाचा होता, व्हर्जिनियातच जन्मला आणि वाढला होता, आणि त्या गर्दीत गौरेतर दिसणारा जवळजवळ तो एकटाच होता; मकाका हे माकडांच्या एका प्रजातीचे नाव. त्याच्याच कॅमेऱ्यात पकडलेले ते वाक्य काही दिवसांत देशभर पाहिले गेले, ॲलन यांना माफी मागावी लागली आणि त्यांची आघाडी विरघळली. सुमारे २३ लाख ७० हजार मतांच्या मोजणीत वेब ९,३२९ मतांनी पुढे राहिले, ९ नोव्हेंबरला ॲलन यांनी पराभव मान्य केला आणि या एका जागेने सेनेटचे बहुमत डेमोक्रॅटांकडे गेले. वेब यांनी एकच मुदत पूर्ण केली. माजी सैनिकांच्या उच्चशिक्षणासाठीचा २००८ चा कायदा हे त्यांचे मोठे काम; २०१२ मध्ये पुन्हा उभे राहायचे नाही हे त्यांनी स्वतःच ठरवले, आणि आग्रहाने आणलेल्या माणसाला धरून ठेवण्याचा कोणताही उपाय आग्रह करणाऱ्यांपाशी नव्हता.

व्हर्जिनियाच्या यशाच्या आगेमागे ही पद्धत दोन्ही पक्षांत भराभर पसरली आणि तिची फळे गोड-कडू दोन्ही निघाली. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये युद्धविरोधी कार्यकर्त्यांच्या बळावर नेड लॅमाँट यांनी ज्येष्ठ सेनेटर जो लिबरमन यांना प्रायमरीत हरवले, तर लिबरमन अपक्ष उभे राहून नोव्हेंबरमध्ये जिंकले. रिपब्लिकन बाजूला टी पार्टी या नावाने ओळखल्या गेलेल्या करविरोधी चळवळीने २०१० मध्ये यूटा राज्यात कॉकसमधून आपले प्रतिनिधी निवडून आणून सेनेटर बॉब बेनेट यांना अधिवेशनातच गारद केले. प्रायमरीपर्यंतही ते पोहोचले नाहीत. इंडियानात रिचर्ड लूगर १९७७ पासून सेनेटर होते, आणि तेथील गटांना जुना धडा ठाऊक होता की विरोधी मते तीन जणांत वाटली गेली तर विद्यमान सदस्यच तरतो. म्हणून त्यांनी आधी एकत्र बसून एकाच प्रतिस्पर्ध्यामागे उभे राहण्याचे ठरवले आणि मग रिचर्ड मर्डॉक यांची निवड केली. मे २०१२ च्या प्रायमरीत मर्डॉक यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. सहा महिन्यांनी ती जागा डेमोक्रॅटांकडे गेली.

उमेदवाराआधी पाठिंबा या कल्पनेचे टोक मेन राज्यात गाठले गेले, कारण तेथे उमेदवाराचे नावही ठरलेले नव्हते. २०१८ च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकीवर रिपब्लिकन सेनेटर सुझन कॉलिन्स काय करतील याची खात्री नव्हती. तेव्हा काही संघटनांनी इंटरनेटवरून सशर्त वर्गणी मागितली : कॉलिन्स यांनी नेमणुकीच्या बाजूने मत दिले तर, आणि तरच, देणगीदाराच्या खात्यातून पैसे वळते होतील आणि २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध जो कोणी उभा राहील त्याला ते मिळतील. सुचवलेली रक्कमही त्या वर्षाला साजेशी, २० डॉलर २० सेंट, होती. कॉलिन्स यांनी याला मत विकत घेण्याचा प्रयत्न म्हटले. आयोजकांच्या मते ही मतदारांनी दिलेली आगाऊ सूचना होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण पैशाला अट जोडली की वर्गणी आणि दबाव यांमधली रेघ पुसट होते. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी कॉलिन्स यांनी बाजूने मत दिले, तोवर वचनांची रक्कम ३० लाख डॉलरच्या पुढे गेलेली होती.

तो निधी ज्यांच्या वाट्याला आला त्या सारा गिडियन मेनच्या प्रतिनिधिगृहाच्या सभापती होत्या. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत स्थायिक झालेले. जुलै २०२० मध्ये त्यांनी प्रायमरी जिंकली, देशभरातून देणग्यांचा ओघ लागला आणि बहुतेक जनमत चाचण्या त्यांना पुढे दाखवत राहिल्या. मेनमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि कोणालाच निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते मिळाली नाहीत तर पुढल्या पसंती मोजल्या जातात. ती वेळ आली नाही. कॉलिन्स यांना पहिल्याच फेरीत ५१ टक्के मते पडली, गिडियन सुमारे ४२ टक्क्यांवर थांबल्या, आणि निवडणूक संपली तेव्हा त्यांच्या प्रचार समितीच्या खात्यात जवळपास दीड कोटी डॉलर खर्चावाचून पडून होते.